चौकोनी ठिपक्यांचा खेळ आणि खेळाडूंचा कौल

कुळगावात १९९०च्या दशकात राहावयास आलेल्या कुटुंबांची एक ओळखीची आठवण आहे. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून कल्याणच्याही पुढे, अंबरनाथ ओलांडून बदलापूर स्थानकावर उतरणारी ही माणसे. घरात रंगीत दूरचित्रवाणी संच आला, की मुलांचा पुढचा हट्ट ठरलेला असे, तो 'टीव्ही गेम'चा. उल्हासनगरच्या बाजारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक डबा, वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि '९९९९ इन १' असे छापलेली पिवळी कॅसेट. त्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच असत. तेच ते वेगवेगळ्या नावांनी यादीत फिरून येत. तरीही सुटीची दुपार त्यावर सहज निघे. मारिओ मोठ्या कष्टाने शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोहोचावा आणि नेमकी त्याच क्षणी वीज जावी, हा अनुभव त्या पिढीतील बहुतेकांनी घेतलेला आहे.

ती मुले आता चाळिशीच्या आसपास आहेत. सकाळच्या लोकलमध्ये जागा मिळालीच, तर त्यांच्यातला एखादा मोबाइलवर खेळताना दिसतो. आश्चर्य असे, की आजच्या खेळांत चेहऱ्यावरचा घाम दाखविण्याइतकी ताकद असताना त्याच्या पडद्यावर पुन्हा तेच चौकोनी ठिपके असतात. हा खेळ जुना नसतो. जुन्या रूपात मुद्दाम घडविलेला नवा खेळ असतो. इंग्रजीत अशा खेळांना 'रेट्रो' म्हणतात. त्यांतील एक प्रकार 'पझल प्लॅटफॉर्मर' नावाने ओळखला जातो आणि त्याविषयी खेळणाऱ्यांत गेली पंधराहून अधिक वर्षे मोठ्या चवीने वाद चालू आहेत. कोणी म्हणतो, ही केवळ बालपणाची विक्री आहे. कोणी म्हणतो, खेळ म्हणजे काय हे याच खेळांनी पुन्हा शिकविले. या वादाच्या मुळाशी काय आहे, हे एका गाजलेल्या खेळाच्या आधारे समजून घेता येते.

प्रकार कोणता?

'प्लॅटफॉर्मर' म्हणजे फळ्या, कठडे, खड्डे यांवरून उड्या मारीत पुढे जाण्याचा खेळ. मारिओ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यात 'पझल', म्हणजे कोडे मिसळले, की केवळ बोटांची चपळाई पुरत नाही. समोरचा कठडा कसा गाठायचा, याचा आधी विचार करावा लागतो. 'इंडी' हा तिसरा शब्द निर्मात्याविषयी सांगतो. मोठ्या कंपनीचे भांडवल न घेता एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेला खेळ तो इंडी. या तिन्ही गोष्टी २००८च्या सुमारास एकत्र जुळून आल्या, कारण तोपर्यंत खेळ दुकानात न ठेवता थेट इंटरनेटवरून विकणे शक्य झाले होते. तबकडी छापण्याचा आणि ती दुकानापर्यंत पोहोचविण्याचा खर्च टळल्याने एकटा माणूसही आपला खेळ बाजारात आणू लागला.

आपण ज्याचे उदाहरण घेणार आहोत तो खेळ आयर्लंडच्या टेरी कॅव्हना याने केला आणि जानेवारी २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याचे नावच चमत्कारिक आहे. इंग्रजी 'व्ही' हे अक्षर सहा वेळा सलग लिहिले, की ते नाव होते. आपण सोयीसाठी त्याला 'सहा व्ही' म्हणू. कप्तान व्हिरिडियन आणि त्याचे पाच सहकारी अशा सहा जणांची नावे व्ही या अक्षराने सुरू होतात. शिवाय पडद्यावर ओळीने उभे असलेले टोकदार खिळे त्या अक्षरासारखेच दिसतात. यान बिघडते, सहकारी एका अनोळखी मितीत विखुरतात आणि कप्तानाने त्यांना शोधून आणायचे, एवढीच कथा.

नियमही एकच आहे. या कप्तानाला उडी मारता येत नाही. बटण दाबले, की गुरुत्वाकर्षण उलटते. तो वर छताकडे 'पडतो' आणि छतावर उलटा चालू लागतो. पुन्हा बटण दाबले, की खाली येतो. मधल्या हवेत मात्र दिशा बदलता येत नाही, पाय कोठे तरी टेकलेच पाहिजेत. उडीवर उभ्या असलेल्या खेळप्रकारातून उडीच काढून टाकायची आणि उरलेल्या जागेत सगळी कोडी रचायची, ही या खेळाची सारी कल्पना. पुढे एका भागात स्पर्श होताच गुरुत्वाकर्षण आपोआप उलटविणाऱ्या रेषा येतात. दुसऱ्या भागात पडद्याच्या डाव्या कडेने बाहेर पडले, की उजव्या कडेने आत येता येते. तिसऱ्यात एक उंच मनोरा स्वतःहून सरकत राहतो आणि मागे पडलेल्याला गाठतो. बटण मात्र शेवटपर्यंत तेच.

चित्र साधे की दरिद्री?

या खेळावरचा पहिला आक्षेप त्याच्या रूपाविषयी आहे. ज्यांनी तो नुसता पाहिला, त्यांपैकी अनेकांना तो अर्धवट वाटतो. एका रंगाचा, हसऱ्या चेहऱ्याचा ठोकळ्यासारखा माणूस, काळी पार्श्वभूमी, सपाट रंगांच्या भिंती. हे शाळकरी मुलाने केले आहे, अशी टीका झाली. उलट, ज्यांनी तो शेवटपर्यंत खेळला, त्यांपैकी अनेकांना हेच रूप नेमके वाटते. दोन्ही मते प्रामाणिक आहेत. परंतु ती समजण्यासाठी जुने खेळ तसे का दिसत, हे पाहावे लागेल.

आपल्याकडचे टीव्ही गेम हे बहुतांशी जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला होत्या. त्याचा पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा. एका वेळी २५च्या आसपासच रंग दाखविता येत. कामासाठी स्मृती अवघी दोन किलोबाइट. एकाच आडव्या रेषेवर आठांपेक्षा अधिक हलत्या आकृती आल्या, की त्या लुकलुकू लागत. आपल्याला तो टीव्हीचा दोष वाटे. १९८५चा संपूर्ण मारिओ सुमारे ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र त्याच्या कित्येक पट जागा घेते. म्हणूनच त्यातील ढग आणि झुडपे यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. मारिओला टोपी आणि मिशी मिळाली तीही इतक्या थोड्या ठिपक्यांत केस आणि तोंड काढणे अवघड होते म्हणून. गरिबीतून निघालेली ती शैली होती.

कॅव्हनाला ही गरिबी नव्हती. त्याच्या संगणकाला हवे तेवढे रंग उपलब्ध होते. तरी त्याने १९८२च्या 'कमोडोर ६४' या घरगुती संगणकाच्या चित्रांचे वळण घेतले आणि प्रत्येक खोलीला नाव देण्याची पद्धत १९८४च्या 'जेट सेट विली' या ब्रिटिश खेळावरून उचलली. ही नावे ठेवण्याचे काम बेनेट फॉडी याने केले. यात आठवणींचा गोडवा आहेच. त्याखेरीज एक व्यवहारी कारणही आहे. प्रत्येक खोली एका पडद्यात संपते आणि तीत काहीही शोभेसाठी नाही. जे टोकदार आहे ते मारते, जे सपाट आहे ते पाय टेकू देते आणि जे चमकते ते वेचायचे असते. खोलीत पाऊल ठेवताक्षणी सर्व धोके नजरेत येतात. बुद्धिबळाचा पट कोरीव हस्तिदंताचा असला तरी खेळणाऱ्याला कोणते प्यादे कोठे आहे एवढेच दिसावे लागते, तसे हे आहे. ज्यांना चित्र दरिद्री वाटते ते त्याकडे देखावा म्हणून पाहतात. ज्यांना ते नेमके वाटते ते त्याकडे पट म्हणून पाहतात.

मरणाची किंमत

दुसरा वाद काठिण्याचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. 'सहा व्ही' अवघड आहे, याविषयी दुमत नाही. पहिल्यांदा खेळणारा माणूस शेवटापर्यंत शेकडो वेळा मरतो आणि किती वेळा मेला याचा हिशेब खेळ शेवटी निर्विकारपणे समोर ठेवतो. तरीही खेळणाऱ्यांचा मोठा वर्ग या खेळाला 'कठीण पण न्याय्य' म्हणतो. हा 'न्याय्य' शब्द अशा खेळांवरील मतांत पुन्हा पुन्हा येतो आणि आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली त्यातच आहे.

जुने खेळ कठीण असण्यामागे अर्थकारण होते. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांत खेळाडू लवकर मेला, की पुढचे नाणे पडे. घरी खेळावयाच्या कॅसेटमध्ये नाणे नव्हते, पण जागा कमी होती. मारिओचे ३२ टप्पे गुप्त वाटा माहीत असलेला निष्णात खेळाडू पाच मिनिटांच्या आत पार करतो. ते महिनोन्‌महिने पुरावेत यासाठी एकच उपाय होता: तीन जीव द्यायचे आणि ते संपले, की पहिल्यापासून सुरुवात करावयास लावायची. 'काँट्रा'मध्ये तीस जीव मिळवून देणारी बटणांची गुप्त मालिका गल्लीतील मुले पाढ्यासारखी पाठ करीत, ती या शिक्षेतून सुटण्यासाठीच. एका चुकीची किंमत म्हणून अर्ध्या तासाचे श्रम पुन्हा करावे लागत. आणि वीज गेली, तर चूक न करताही ती किंमत भरावी लागे.

'सहा व्ही'मध्ये जीव मोजलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक खोलीत परतीची एक खूण आहे. खिळ्याला पाय लागला, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कप्तान त्या खुणेपाशी पुन्हा उभा. मधे संदेश नाही, थांबणे नाही. संगीतसुद्धा तुटत नाही. कोडे पूर्वीइतकेच अवघड ठेवून शिक्षा मात्र जवळजवळ शून्यावर आणलेली आहे. याचा परिणाम मनावर होतो. मरण स्वस्त झाल्यामुळे माणूस धाडस करून पाहतो, चुकतो, तीच हालचाल दहा वेळा करतो आणि अकराव्या वेळी ती बोटांत उतरते. संगीताचा विद्यार्थी अवघड तान सुटी काढून घोटतो, तिथे चुकला म्हणून गुरुजी त्याला रागाच्या आरंभापासून गावयास लावीत नाहीत. तोच हा मार्ग.

याविरुद्धचे मतही ऐकले पाहिजे. जुन्या कॅसेटींवर वाढलेल्या काहींना ही सवलत पटत नाही. हरण्याची भीतीच नसेल, तर जिंकण्यात राम कसला, असा त्यांचा सवाल आहे. शेवटच्या जीवावर किल्ला गाठताना तळहाताला सुटणारा घाम येथे सुटत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. कॅव्हनाने त्यांच्यासाठीही सोय ठेवली: एकदाही न मरता सारा खेळ पुरा करण्याचा एक स्वतंत्र प्रकार त्यात आहे. तो पुरा करणारे फार थोडे.

वीतभर अडथळ्याची गोष्ट

न्यायाच्या या कल्पनेची कसोटी पाहणारी एक जागा या खेळात आहे आणि तिच्यावरून जितके बोलले गेले तितके दुसऱ्या कशावरूनही नाही. वाटेत एक चकाकणारी वस्तू दिसते. तिच्या आणि कप्तानाच्या मधे एक बुटका ठोकळा आहे, इतकाच, की कोणताही मारिओ तो एका उडीत ओलांडील. पण आपल्या कप्तानाला उडी येत नाही. म्हणून त्याने गुरुत्वाकर्षण उलटवून खिळ्यांनी भरलेल्या खोल्यांमागून खोल्या वर पडत जायचे, अगदी टोकाला क्षणभर पाय टेकवायचा आणि त्याच खिळ्यांतून पुन्हा खाली पडत यायचे, ते ठोकळ्याच्या पलीकडे. मधे परतीची खूण एकही नाही. ज्यूलियस सीझरचे म्हणून प्रसिद्ध असलेले 'आलो, पाहिले, जिंकले' हे लॅटिन वचन तोडून या खोल्यांना त्याची नावे दिली आहेत.

या जागेवर काही खेळाडू तासन्‌तास अडकले. काहींनी तिला क्रूर थट्टा म्हटले, तर काहींनी साऱ्या खेळातील सर्वोत्तम विनोद. विचार करता दोन्ही गटांचा निवाडा एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ही चकाकणारी वस्तू घेतली नाही, तरी खेळ पुरा होतो. अशा वीस वस्तू आहेत आणि सहकाऱ्यांची सुटका त्यांच्यावाचूनही होते. म्हणजे हा रस्ता कोणावर लादलेला नाही. धोके सारे दिसतात, नियम कोठेही बदलत नाही आणि जायचे की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचे. ज्याला हे उमगते तो शंभराव्या मरणानंतरही हसतो. ज्याला प्रत्येक वस्तू मिळविलीच पाहिजे असे वाटते त्याला ती सक्ती वाटते आणि तो चिडतो. खेळ दोघांचा एकच होता. त्यांनी स्वतःशी केलेला करार वेगळा होता.

मग कोडे कोठे आहे?

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. हा खेळ बोटांचा की बुद्धीचा? 'सहा व्ही'मध्ये काय करायचे हे बहुधा लगेच कळते, ते हातून होत नाही एवढेच. कोड्याची खरी अपेक्षा असलेले खेळाडू म्हणून 'ब्रेड' या खेळाकडे बोट दाखवितात. जोनाथन ब्लो याचा हा खेळ ऑगस्ट २००८ मध्ये आला आणि डेव्हिड हेलमन याने त्याची चित्रे रंगविली. त्यात बटण दाबून काळ मागे नेता येतो, त्यामुळे मरण हा प्रश्नच उरत नाही. अडचण विचारातच असते. वेगवेगळ्या जगांत काळाचे नियम वेगळे आणि एकूण साठ तुकडे गोळा करावयाचे. उत्तर सापडले, की ते अमलात आणणे पुष्कळदा सोपे. सापडेपर्यंत मात्र दिवस जावे लागतात. ब्लोने उत्तरांची अधिकृत मार्गदर्शिका म्हणून जे पान प्रसिद्ध केले, त्यातही ती न पाहता स्वतः सोडवा, असाच उपदेश केला होता.

तिसरे टोक म्हणजे फिल फिश आणि रेनो बेदार यांचा, कॅनडातील माँट्रियल येथे घडलेला 'फेझ'. हा २०१२ साली आला. त्यातले जग सपाट दिसते, पण ते चौथऱ्यासारखे फिरविता येते आणि फिरविल्यावर दूरचे दोन कठडे अचानक शेजारी येतात. त्याच्या पोटात सांकेतिक लिपी आणि गुप्त अंकही दडविलेले होते. शेवटचे एक कोडे कोणालाच सुटेना, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी शक्यता आपसात वाटून घेतल्या आणि एकेक तपासत ते फोडले. उत्तर मिळाले, ते तसे का, हे मात्र तेव्हा कोणालाच धडपणे सांगता आले नाही. येथेही मते दुभंगली. काहींना ही सामुदायिक शोधयात्रा आयुष्यभर लक्षात राहिली. काहींनी विचारले, की एकट्याने बसून जे सुटूच शकत नाही त्याला कोडे म्हणावे काय? हा प्रश्नही न्यायाचाच आहे. उत्तर समोरच्या खुणांतून निघाले पाहिजे, अशी कोडे सोडविणाऱ्याची अपेक्षा असते. आपल्या उखाण्यांनाही हाच दंडक लागू होतो.

दाम आणि लांबी

चौथा वाद पैशांचा. 'सहा व्ही' प्रथम १५ डॉलरला विकावयास ठेवला गेला, त्या वेळच्या दराने सुमारे सातशे रुपये. पहिल्यांदा खेळणाऱ्याला तो दोन-तीन तासांत पुरा होतो. एवढ्याशा, ठिपक्यांच्या खेळाला एवढा दाम कशासाठी, अशी ओरड झाली आणि त्याच वर्षात किंमत पाच डॉलरपर्यंत खाली आली. 'ब्रेड'लाही आरंभी १५ डॉलर या किमतीवरून असेच बोल ऐकावे लागले होते. आपल्याकडे शंभर-दीडशे रुपयांत शेकडो खेळांची कॅसेट घेण्याची सवय लागलेल्या ग्राहकाला हा प्रश्न अधिकच टोचतो.

हा वाद दूरदेशीचाच आहे असे नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. तो रेट्रो नाही. त्यातील महाल आणि चित्रे राजस्थानी वळणाची, भरजरी आहेत आणि त्यात कोड्यांच्या जोडीला लढाया आहेत. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर संस्थापकांपैकी एकीने स्वतःचे घर विकून काम चालू ठेवले, हे त्यांनीच पुढे सांगितले. खेळ आला तेव्हा त्याच्या चित्रांचे आणि भारतीय पुराणकथेचे कौतुक झाले. परंतु तो लवकर संपतो, शेवट अर्धवट वाटतो आणि लढायांत कसर राहिली, ही तक्रारही तितकीच ऐकू आली. घर विकून घडविलेल्या वस्तूला 'लहान आहे' असे म्हणणे कठोर वाटते. पण खेळाडूला निर्मात्याचे घर दिसत नाही, स्वतःची संध्याकाळ दिसते. त्याचा कौल त्या संध्याकाळीवर असतो आणि तो तसाच असणे योग्य होय.

लांबी हे मोजमाप मात्र फसवे आहे. जुन्या कॅसेटी महिने पुरत त्या पुन्हा पुन्हा मरविल्यामुळे. 'सहा व्ही' दोन तासांत संपतो, कारण त्याने ती भर काढून टाकली. एका खोलीतली युक्ती पुढच्या खोलीत सहसा तशीच परत येत नाही. दाट कथा कादंबरीपेक्षा कमी पानांची असते, म्हणून तिचे मूल्य पानांनी ठरवीत नाहीत. तरी ज्याच्या खिशात महिन्याला एकच खेळ घेण्याइतके पैसे आहेत त्याने तास मोजले, तर त्याला दोष देता येणार नाही.

ज्याविषयी फारसे दुमत नाही

या साऱ्या मतभेदांत एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत आढळते, ते म्हणजे संगीत. स्वीडनच्या मॅग्नस पॉल्सन याने जुन्या संगणकांच्या ध्वनींचे वळण घेऊन धावत्या लयीच्या रचना केल्या. कप्तान मेला तरी लय थांबत नाही, हे वर आलेच आहे. अपयशातून राग न निघता पुन्हा बटणावर बोट जाते, याचे बरेचसे श्रेय या न थांबणाऱ्या लयीला द्यावे लागेल. दुसरी गोष्ट लहानशी आहे. या खेळात एके ठिकाणी चार पडद्यांवर पसरलेला एक प्रचंड हत्ती आहे. त्याच्याजवळ गेले, की नेहमी हसरा असणारा कप्तान उदास होतो. याचे कारण खेळात कोठेही दिलेले नाही. त्यावर कसलेही कोडे नाही, बक्षीस नाही. तरीही खेळलेल्या माणसाला सारे खिळे विसरून तो हत्ती आठवतो.

ज्यांचे हात साथ देत नाहीत अशांसाठी खेळाचा वेग कमी करण्याची किंवा मरणच बंद करण्याची सोय कॅव्हनाने ठेवली. पुढे २०१८च्या 'सेलेस्ट' या खेळाने ही कल्पना अधिक प्रतिष्ठेने मांडली. त्यातही ठिपक्यांची चित्रे आणि कमालीचे काठिण्य आहे. परंतु वेग, उसंत, अभेद्यता हे सारे खेळाडूला स्वतः ठरविता येते आणि त्याबद्दल खेळ त्याला हिणवीत नाही. कठडा सुटल्यानंतरही काही क्षणांश उडी मान्य करण्याची दयाही त्यात आहे. डोळ्याला वाटते आपण वेळेवर बटण दाबले, प्रत्यक्षात किंचित उशीर झालेला असतो. खेळ तो उशीर पोटात घालतो. जुन्या कॅसेटीत अशा वेळी 'मी दाबले होते!' असे मुले ओरडत आणि भावंडे त्यांच्यावर विश्वास ठेवीत नसत.

आतून कसा आहे?

जानेवारी २०२० मध्ये, खेळाला दहा वर्षे झाली तेव्हा, कॅव्हनाने त्याची मूळ आज्ञावली सर्वांना पाहता येईल अशी खुली केली. जगभरचे प्रोग्रामर ती वाचावयास धावले आणि थक्क झाले. सौंदर्याने नव्हे, तर अव्यवस्थेने. खेळातील शेकडो प्रसंग एकाच अवाढव्य यादीत क्रमांक देऊन कोंबलेले होते. महाविद्यालयात असे लिहिले असते, तर परीक्षकाने लाल शाई ओढली असती. त्यावर भरपूर विनोद झाले आणि आपण शिकलेला प्रोग्रामर नाही, हे कॅव्हनाने मोकळेपणाने मान्य केले. पण त्याच खुल्या आज्ञावलीवर पुढे इतरांनी दुरुस्त्या केल्या आणि २०२४ सालच्या आवृत्तीत हा खेळ इंग्रजीखेरीज अनेक भाषांत आला. खोल्यांच्या नावांतील कोट्या दुसऱ्या भाषेत आणताना अनुवादकांना जे पापड लाटावे लागले असतील, त्याची कल्पना कोणाही मराठी भाषांतरकाराला येईल.

संगणकशास्त्र शिकण्यासाठी रोज बदलापूरहून लोकल पकडणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळाडूंनी पंधरा वर्षांत या खेळाचे चित्र, दाम, लांबी, काठिण्य यांवर हजार मते दिली. आतील मांडणी विस्कळीत आहे, हे खेळताना कोणाला कळलेही नाही, कारण बाहेरचा नियम कधी चुकला नाही. बटण दाबले, की गुरुत्वाकर्षण उलटले. प्रत्येक वेळी, त्याच क्षणी. ठिपक्यांची चित्रे आणि एक नियम एवढ्यावर आजही नवे खेळ उभे राहतात. बिली बॅसो याने सुमारे सात वर्षे एकट्याने खपून २०२४ मध्ये आणलेला 'अ‍ॅनिमल वेल' अवघा तीसेक मेगाबाइटचा आहे आणि त्यातील गुपितांवर पुन्हा जगभर खल झाला.

घरातील मूल असा एखादा खेळ मागू लागले, तर पालकांनी चित्रे पाहून निर्णय करू नये. दहा मिनिटे शेजारी बसून ते मरते तेव्हा काय म्हणते ते ऐकावे. 'हे काय, उगाच मारले!' असे म्हणत असेल, तर खेळात खोट असण्याचा संभव आहे. 'थांबा, माझंच चुकलं, आता जमेल' असे म्हणून ते पुन्हा बटणाकडे वळले, तर खेळ बरा आहे. आणि तेवढ्यात वीज गेलीच, तर हल्ली एक सोय आहे: परतीच्या खुणेपाशी पोहोचलेले श्रम बहुधा वाया जात नाहीत. कुळगावच्या त्या जुन्या दुपारी हे सुख कोणालाच मिळाले नव्हते.